परतीची तारीख

रुवीत मंडळाच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे.
शुक्रवारी सकाळी दोन तास उघडतं.
किल्ली कुडतरकर काकूंच्या पर्समध्ये,
पासपोर्टांच्या झेरॉक्ससोबत.

तिथून आणलं हे पुस्तक.
कव्हर नाही, पहिली अकरा पानं नाहीत,
म्हणजे हिचं नाव मला कधीच कळणार नाही.
बाराव्या पानावर तिचं लग्न होऊन गेलेलं आहे,
भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात ती चूल सारवते आहे.
नवरा तेलाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून
ड्यूटीवर जाताना पेन्सिलीनं रेघ मारतो.

तिथं मी थांबले.
एसीचं पाणी बादलीत पडत होतं.

माझाही मारत नव्हता.
मोजत होता.
फोनवरची मिनिटं, सिलिंडरचे दिवस,
पाकिटात उरलेल्या टिकल्या,
आईशी बोलताना मी किती वेळा हसले ते.
वकीलबाई म्हणाल्या, अहो, काहीतरी ठोस सांगा.
ठोस काय सांगणार.
टिकल्या?

आणि ही बाई, माझ्या आईच्याही आधी जन्मलेली,
किराण्याच्या यादीसारखं सांगून मोकळी:
एकदा तेल रेघेखाली गेलं, तर मी बाटलीत पाणी ओतलं.
पाणी तळाला बसलं, तेल वर चढलं,
बरोबर रेघेला टेकलं.
त्या दिवशी मी जेवताना हसले.

मीही हसले. रात्री पावणेएकला,
वाडी कबीरच्या खोलीत, एकटी, मोठ्यानं.
पलीकडच्या नर्सनं भिंतीवर थाप मारली.
हिला त्रास झाला म्हणून मला बरं वाटलं
असं कसं म्हणू.
पण बरं वाटलं.

जूनमध्ये इथं नळाचं पाणी चटके देतं,
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते.
मग आम्ही गीझर बंद करतो
आणि त्यातलंच पाणी अंगावर घेतो, तेवढंच गार.
तापवायला आणलेली वस्तू गारव्याला वापरायची,
हे पहिल्या वर्षी खरं वाटलं नव्हतं.

त्या वाक्याशेजारी समासात
कुणीतरी आधीच रेघ मारून ठेवली होती. पेन्सिलीची.
मागच्या चिठ्ठीवर नावं पाहिली:
फिलोमिना घोन्साल्विस. शबाना परकार.
इंदुमती किल्लेदार, तारीख पुसट.
आणि हणमंत ढोबळे, तीनदा.

बायकांचं मी समजू शकते.
ढोबळे काय शोधत होते?
रेघ त्यांची असेल तर कुठल्या बाजूनं मारलेली?
दोन रात्री पुस्तक उघडलं नाही.
ती बाटली त्यांच्या घरातही असेल,
पेन्सिल कुणाच्या हातात, ते चिठ्ठीवर नसतं.

ते आले एकदा दुकानात.
मी चष्मे विकते, नंबर तपासते.
पावतीवर नाव लिहिताना हात अडखळला.
साठीचे असतील, शर्टाला एक बटण वेगळ्या रंगाचं.
जवळचं दिसत नाही, म्हणाले. हल्लीच. लांबचं सगळं लख्ख.
मी सव्वाची काच घातली. आता?
बराच वेळ ते तक्त्याकडे बघत राहिले,
सर्वांत खालच्या, बारीक ओळीकडे.
मी काही विचारलं नाही.
ते म्हणाले, हो. आता दिसतंय.
दीड रियाल मी कमी घेतले, का ते विचारू नका.

आज पुस्तक परत केलं.
आठवडाभर उशीर, दोनशे बैसा दंड.
काकूंनी चिठ्ठी काढली, आडनाव काय लावू, म्हणाल्या.
पासपोर्टावर अजून त्याचंच आहे.
नुसतं हेमांगी लिहा, म्हटलं.
त्यांनी लिहिलं, खाली रेघ ओढली,
आणि मान वर न करता विचारलं:
पुन्हा नेणार? परत कधी?

मला वाटलं, मलाच विचारतायत.
पुस्तकाचं होतं ते.